जैनुद्दीन सोलकरांनी पास केलेली गाडी

रत्नागिरीत कुणाच्या मनात जुनी पण मोठ्या नावाची गाडी घ्यायचं आलं, की तो आधी कुवारबावला जैनुद्दीन सोलकरांच्या गॅरेजवर येतो. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत डोळे झाकून यायचा. आताही लोक येतात, पण मध्ये एक काळ असा गेला की गॅरेजचं शटर उघडायलासुद्धा सोलकरांचा हात धजत नव्हता. माझी स्वतःची गाडी साधी, शाळामास्तराला परवडणारी, अकरा वर्षांची. ती मी त्यांच्याकडेच देतो, म्हणून ही हकिगत मला त्यांच्याच तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळली. जो भाग ते गाळत होते तो त्यांच्या बायकोने, कनीजचाचींनी सांगितला.

जैनुद्दीन मूळचे रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचे. सोळाव्या वर्षी ते मिरकरवाड्यात लवू शिवलकरांच्या हाताखाली लागले. लवूदादा मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आत काय दुखतंय ते ऐकायचं, हे जैनुद्दीनना त्यांनी शिकवलं. पुढे जैनुद्दीन कतारला गेले आणि दोह्यात एका बड्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकोणीस वर्षं काढली. तिथे फक्त महागड्या गाड्या यायच्या.

त्या वर्कशॉपसमोरच्या रस्त्यावर सगळ्या कंपन्यांची शोरूम एका ओळीत होती. ती आठवण निघाली की जैनुद्दीन खुलतात. "एकाने काचा बदलल्या की आठवड्यात दुसरा लादी बदलणार," ते सांगतात. "एकाने गिऱ्हाइकाला कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर ठेवला की समोरचा इटालियन कॉफीचं मशीन आणणार. याने तीन वर्षांची हमी दिली की त्याने पाच वर्षांची द्यायची. पण प्रत्येकाचं विकायचं वेगळं बरं का. मर्सिडीजवाला सांगणार, तुम्ही मागे बसा. बीएमडब्ल्यूवाला सांगणार, ड्रायव्हरला सुट्टी द्या, तुम्हीच चालवा. व्होल्वोवाला बायकापोरांच्या जिवाचं बोलणार. लेक्ससवाला काहीच बोलणार नाही, नुसता म्हणणार, दहा वर्षांनी या, ही गाडी अशीच असेल." दार लावल्यावर जो जड, गोल आवाज येतो, त्या आवाजासाठी कंपन्या वेगळे इंजिनियर ठेवतात, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं. गिऱ्हाईक इंजिन उघडून बघत नाही, दार लावून बघतं. आतलं खरंखोटं वर्कशॉपवाल्यांना ठाऊक. एखादी गाडी पुन्हापुन्हा परत येऊ लागली की शोरूममध्ये कितीही अत्तर मारा, सहा महिन्यांत गावभर होतं.

परत आल्यावर त्यांनी कुवारबावला गॅरेज घातलं, मागेच घर बांधलं. आखातातून आलेली मंडळी, डॉक्टर, बोटीवरचे अधिकारी, आंब्याचे व्यापारी असे सगळे जुनी गाडी घेण्याआधी त्यांना घेऊन पुण्या-मुंबईला जायचे. त्यांनी मान हलवली तरच सौदा व्हायचा.

लवूदादांचा मुलगा अजिंक्य मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर झाला होता. सहा-सहा महिने घराबाहेर असायचा. सुट्टीवर आला की बायको ईशा, चार वर्षांची मुलगी आणि म्हातारे वडील यांना घेऊन फिरायचं, त्यासाठी एक चांगली गाडी असावी, असं त्याच्या मनाने घेतलं. नवी परवडणारी नव्हती. पुण्याच्या एका दुकानात एक जर्मन गाडी त्याने फोनवर पाहिली होती, पाच वर्षं वापरलेली. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. ते दुकानही कंपनीचं नव्हतं, जुन्या उंची गाड्या विकणाऱ्या एका खासगी माणसाचं होतं.

"तुम्ही बघा चाचा," अजिंक्य म्हणाला. "बाबा म्हणतायत, जैनू हो म्हणाला तर घे, नायतर नको."

दोघे पुण्याला गेले. दुकान कसलं, ते दोह्यातलं शोरूमच होतं. पांढरी लादी, मंद वास, छतातून नेमका गाडीवर पडणारा उजेड. कोट घातलेल्या मॅनेजरने जैनुद्दीनना खुर्ची दिली, कतारची चौकशी केली आणि पहिल्या वाक्यापासून "सर" म्हणायला सुरुवात केली. आयुष्यभर ज्या काचेच्या मागच्या बाजूने ग्रीसचे हात पुसत ते आत डोकावले होते, त्या काचेच्या पुढे त्यांना कुणीतरी बसवलं होतं. त्यांनी गाडीचं दार लावून पाहिलं. तोच आवाज.

काम त्यांनी केलं. दोष दाखवणारं मशीन गाडीला जोडून पाहिलं, एकही दोष दिसला नाही. इंजिन ऐकलं, टायर बघितले, गाडी हायवेला नेऊन दाबून चालवली. सर्व्हिसची फाईल चाळली. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. मधला काळ कुठे गेला हे विचारायला हवं होतं, ते सुटलं. आणखी एक गोष्ट त्यांनी केली नाही. गालिचा उचलून, सीटखाली डोकं घालून बघितलं नाही. एरवी ते जमिनीवर आडवे झाल्याशिवाय गाडी सोडत नसत. पण त्या दिवशी कनीजचाचींनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिला होता, मॅनेजर कॉफीचा कप घेऊन शेजारी उभा होता, सीटचं कातडं दुधासारखं होतं. त्यांना लाज वाटली. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तपासणीच्या कागदावर मॅनेजरने त्यांची सही घेतली. गाडी रत्नागिरीत आली. लवूदादांनी तिला हार घातला.

तीन आठवडे गेले. एका शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला अजिंक्य गॅरेजवर आला. ईशाच्या चुलत बहिणीचं कोल्हापुरात डोहाळजेवण होतं. सगळे निघाले होते, फक्त टायरची हवा बघायची होती. लवूदादा पुढच्या सीटवर टोपी घालून बसले होते. जैनुद्दीननी हवा तपासली. तेवढ्यात ईशा म्हणाली, "चाचा, हिची ही उंच सीट जरा नीट बसवून देता का? हलते सारखी."

छोटीची सीट बांधायला मागचा पट्टा पुरा ओढावा लागतो. जैनुद्दीननी तो ओढला. एरवी गुंडाळीतच राहणारा शेवटचा हातभर भाग बाहेर आला, आणि त्या काळ्या पट्ट्यावर आडवी, पिवळट मातकट रेघ दिसली. रेघेच्या खालचा पट्टा वरच्यापेक्षा कडक होता. त्यांनी अंगठा फिरवला. बोटाला बारीक गाळ लागला.

पुराच्या पाण्याची खूण. गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी राहिली होती. मग कुणीतरी ती धुतली, सुकवली, नवी कातडी चढवली, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या दोषांच्या नोंदी पुसल्या आणि अत्तर मारून विकली. या जातीच्या गाडीत अर्धा मेंदू सीटखाली आणि गालिच्याखाली असतो. तिथल्या तारांच्या जोडांना ओल लागली की आतून हिरवं चढत जातं. महिना चालेल, वर्ष चालेल, आणि एक दिवस वळणावर स्टिअरिंग जड होईल. किंवा धडक झाली तर एअरबॅग उघडणारच नाही.

"झाली का?" लवूदादांनी मागे वळून विचारलं. "अरे जैनू, काय गाडी रे! पोटातलं पाणी हलत नाय. तुझे उपकार."

आणि जैनुद्दीन म्हणाले, "झाली."

त्यांनी दार लावलं. गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली.

ते मागे घराच्या पायरीवर जाऊन बसले. स्वतःची समजूत घालू लागले. कदाचित डाग असेल. लहान पोर आहे, काहीतरी सांडलं असेल. पण गुंडाळीच्या आत कसं सांडेल? आणि दोन्ही कडांना सारखी सरळ रेघ? बरं, तीन आठवडे चालली तशी आज संध्याकाळपर्यंत चालेल. उद्या परत आले की गुपचूप बोलावून घेऊ, उघडून बघू, जोड साफ करू, कुणाला काही कळणारही नाही. असं मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. डोळ्यांसमोर कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट दिसू लागला. तिथली वळणं त्यांनी शंभरदा घेतली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

कनीजचाची चहा घेऊन आल्या. "काय झाला? तोंड का उतरला तुमचा?"

त्यांनी बोट पुढे केलं. गाळ अजून अंगठ्याला होता. सगळं ऐकल्यावर चाचींनी एकच विचारलं, "पोरगी कुठच्या सीटवर बसलीय?"

"मागे. त्याच."

"फोन लावा."

अजिंक्यचा फोन लागेना. पुन्हा लावला, नुसती रिंग वाजून बंद झाला. ईशाचा नंबर चाचींकडे होता. तोही लागेना. लवूदादा फोन वापरत नसत. घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. जैनुद्दीननी आपली जुनी वॅगनार काढली. चाची चपला सरकवून शेजारी येऊन बसल्या. "मी फोन लावत रहाते, तुमी रस्त्यावर बघा," म्हणाल्या.

हातखंब्याला रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूची वाहतूक थांबवलेली. पुढे डंपर, मागे एस.टी., मध्ये धुरळा. झेंडावाला माणूस हात वर करून उभा. त्या सहा-सात मिनिटांत जैनुद्दीननी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की चाचींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. पाली गेली, नाणीज गेलं. प्रत्येक वळणावर रस्त्याकडेला घोळका दिसतो का, काचांचा चुरा दिसतो का, इकडेच त्यांची नजर. समोरून येणाऱ्या एका टेंपोवाल्याने दिवे मारले, तर त्यांनी ब्रेकच दाबला. तो नुसता ओळखीचा निघाला.

"लागला!" चाची एकदम ओरडल्या. "ईशा? बाळा, कुठे आहात?" मग त्यांचा आवाज खाली आला. "साखरप्यात आहात? तिथेच थांबा. घाटात जाऊ नका. चाचा येतायत. नाय, फोनवर नाय सांगायचं, तिथेच थांबा."

छोटीला गाडी लागली होती, तिने ओकारी केली होती, म्हणून ते साखरप्याच्या एका हॉटेलात तिचे कपडे बदलायला थांबले होते. नाहीतर एव्हाना घाटात असते.

दहाच्या सुमाराला वॅगनार हॉटेलसमोर उभी राहिली. जर्मन गाडी झाडाखाली चकाकत होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. जैनुद्दीन मला म्हणाले, "खरं सांगू? ती बंद पडलेली असती तर माझं काम सोपं झालं असतं."

अजिंक्य बाहेर आला. "काय चाचा? कोण गेलं का?"

"कोण नाय. ही गाडी पुरातली आहे अजिंक्य. पाण्यात बुडालेली. मला पुण्यात दिसायला हवं होतं. मी नीट बघितलं नाय."

अजिंक्य हसला. त्याला वाटलं काहीतरी गैरसमज आहे. जैनुद्दीननी मागचा पट्टा पुरा ओढून दाखवला. मग ते गुडघ्यांवर बसले, सीटच्या खाली हात घातला, गालिच्याची कड पान्याने सैल केली आणि उचलली. खालचा कापूस ओला होता. त्यातून कुजकट वास आला. हाताला आला तो जोड त्यांनी बाहेर ओढला. तांब्यावर हिरवा गंज चढला होता. ईशाने छोटीला उचलून कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे सरकली.

लवूदादा काठी टेकत आले. त्यांनी तो जोड हातात घेऊन पाहिला. आयुष्यभर खाऱ्या पाण्यात काम केलेला माणूस, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पुण्यात चुकलास," ते म्हणाले. "माणूस चुकतो. पण हे सकाळी बघितलंस ना तू? पट्टा बांधताना?"

"हो, लवूदादा."

"मग सकाळीच का नाय बोललास?"

जैनुद्दीन गालिच्याची कड पुन्हा दाबून बसवू लागले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. हॉटेलवाला बघत होता.

"माझी नात होती मागे," लवूदादा म्हणाले आणि पाठ फिरवून बाकावर जाऊन बसले.

अजिंक्य बराच वेळ गाडीभोवती फिरत राहिला. मग काहीशा कोरड्या आवाजात म्हणाला, "तुमची किल्ली द्या. कार्यक्रमाला पोचायला हवं." त्यांनी वॅगनारमध्ये सामान भरलं. चाचींनी छोटीची सीट स्वतः बांधून दिली. लवूदादा गाडीत बसताना जैनुद्दीन दार धरून उभे होते. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

रिकव्हरी व्हॅन येईपर्यंत जैनुद्दीन आणि चाची साडेतीन तास त्या झाडाखाली बसून होते. येणारे-जाणारे थांबून गाडीचं कौतुक करत. एकाने तिच्याशेजारी उभं राहून स्वतःचा फोटोही काढून घेतला.

पुढचे महिने वाईट गेले. पुण्याच्या दुकानदाराने सरळ हात वर केले. "तुमच्याच तज्ज्ञाने तपासली. ही बघा सही." बातमी रत्नागिरीत पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, सोलकरांनी कमिशन खाल्लं. ज्यांना त्यांनी पूर्वी गाड्या पास करून दिल्या होत्या ते एकेक करून यायचे, मागचा पट्टा ओढून दाखवायचे. जैनुद्दीन प्रत्येक गाडीचा गालिचा उचलायचे. सुदैवाने त्यातली एकही तसली निघाली नाही. पण त्यांची झोप उडाली ती उडालीच. जेवताना मधेच थांबायचे आणि चाचींना विचारायचे, "त्या पावसच्या डॉक्टरची गाडी मी खालून बघितली होती ना गं?" चाची म्हणायच्या, "बघितली होती, बघितली होती, जेवा." त्यांना काय ठाऊक असणार होतं? पण म्हणायच्या.

वकिलाने अजिंक्यला सांगितलं की ग्राहक आयोगात जायचं तर एक अडचण आहे, ती म्हणजे जैनुद्दीनची सही. कुणी त्यांना सुचवलं की, सही दबावाखाली घेतली असं म्हणा. जैनुद्दीननी तसं केलं नाही. त्यांनी लिहून दिलं की तपासणी अपुरी होती, चूक माझी आहे, पण पुराची गोष्ट दुकानदाराने लपवली हेही तितकंच खरं. मग त्यांनी अजिंक्यला गाडीच्या चासी नंबरासह थेट कंपनीला पत्र लिहायला लावलं. "कंपनी माझ्यासाठी नाय करणार, तुझ्यासाठीपण नाय," ते म्हणाले. "स्वतःच्या नावासाठी करेल. त्यांचं चिन्ह लावून कुणी सडकी गाडी फिरवतोय, हे त्यांना परवडत नाय. समोरचा टपून बसलेला असतो."

तसंच झालं. सतरा दिवसांत कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधली नोंद छापील आली. गाडी पुरात बुडालेली, दुरुस्ती परवडणारी नाही, विमा कंपनीने निकालात काढलेली. तारखेसकट, शिक्क्यासकट. मधली दोन वर्षं कुठे गेली ते त्या एका कागदात होतं. तो कागद आयोगापुढे गेल्यावर दुकानदार नरम आला आणि आठ महिन्यांनी त्याने गाडी परत घेतली. पैसे बरेचसे मिळाले, सगळे नाहीत. बाकीचे जैनुद्दीन द्यायला गेले, अजिंक्यने घेतले नाहीत. त्याने नंतर एक साधी, नवी गाडी घेतली. ती घेताना कुणालाच विचारलं नाही.

लवूदादांकडे जैनुद्दीन तीनदा गेले. पहिल्यांदा ईशाने चहा दिला, म्हातारा आतून बाहेर आला नाही. दुसऱ्यांदा बाहेर आला आणि मासळीच्या भावाबद्दल बोलला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा लवूदादा अंथरुणाला खिळले होते. जैनुद्दीननी त्यांचे पाय चेपले. साखरप्यातल्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते गेले होते. "तुमच्यासमोर माझं नाव जाईल म्हणून भ्यालो," एवढंच ते वाक्य होतं. ते त्यांनी म्हटलं. लवूदादा डोळे मिटून होते. "ठाऊक आहे," म्हणाले. त्यानंतर महिनाभराने लवूदादा वारले. त्या "ठाऊक आहे"मध्ये माफी होती की नाही, हे जैनुद्दीन अजून मला विचारतात, जसं काही मला माहीत असेल.

गेल्या महिन्यात काजूचा कारखाना चालवणाऱ्या लांज्याच्या एका बाईंनी त्यांना कोल्हापूरला नेलं. तिथेही तसलीच लादी, तसलाच उजेड. जैनुद्दीननी पिशवीतून जुनी चादर काढली, लादीवर अंथरली आणि गाडीखाली आडवे झाले. विक्रेता म्हणाला, "काका, असं इथे करत नाहीत." त्यांनी ऐकलं नाही. तीन तास लावले. गालिचा, पट्टे, दिव्यांच्या मागची जागा, डिकीतल्या जादा चाकाखालचा खड्डा, सगळं पाहिलं. मग बाईंना म्हणाले, "नको घेऊ."

"का? काय निघालं?"

"निघालं काय नाय. पण डाव्या दाराचा रंग मला पटत नाय. ठोकर लागून पुन्हा मारलेला वाटतो."

बाई जरा नाराज होऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजवर गेलो, तर जैनुद्दीन हात बांधून बसले होते. चेहरा ओढलेला. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "सर, गाडी चांगली असेल तर? उगाच एखाद्याच्या मालाला नाव ठेवलं असेल तर?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. त्यांनी ऐकलंच नाही. ते फोन काढून त्या डाव्या दाराचा फोटो मोठा करून बघत होते. मग तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा, इथे कडेला रंग जरा फिका आहे की नाय?"

मला दाराच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या.